वाचक अडतो ती ओळ

२०१२ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या आणि स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्राउझर सोडून बाकीचे प्रोग्राम इंटरनेटवर सुरक्षित जोडणी करतात, तेव्हा पलीकडचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, हे ते तपासतात का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर धक्का देणारं निघालं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या लायब्ररीसुद्धा ही तपासणी न करताच पलीकडच्याशी बोलायला लागत होत्या. कारणं अनेक होती. त्यातलं एक वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि हे पुस्तक लिहिण्याच्या मुळाशी तेच आहे.

'कर्ल' ही डॅनियल स्टेनबर्ग यांनी सुरू केलेली मुक्तस्रोत लायब्ररी. फोन, टीव्ही, मोटारी, सर्व्हर, जिथे जिथे काही डाउनलोड होतं तिथे ती बहुधा असतेच. तिच्यात सुरक्षेचे दोन पर्याय शेजारी शेजारी होते आणि आजही आहेत. 'व्हेरिफायपीअर' हा प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेने दिलंय का ते पाहतो. 'व्हेरिफायहोस्ट' हा प्रमाणपत्रावरचं नाव आणि आपण ज्या सर्व्हरकडे निघालो त्याचं नाव जुळतं का ते पाहतो. पहिल्याची किंमत हो किंवा नाही. दुसऱ्याची मात्र ०, १ किंवा २. नाव जुळतंय का हे तपासायचं तर २ लागे. १ दिलं तर प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढंच पाहिलं जाई. न सांगता मिळणारी किंमत २ होती, म्हणजे कोणी हात लावला नसता तर सगळं सुरक्षित होतं. पण काळजीपूर्वक काम करणाऱ्या कित्येक पीएचपी प्रोग्रामरनी दोन्ही पर्यायांपुढे 'ट्रू' लिहिलं. 'ट्रू'चा पूर्णांक होतो १. तपासणी चालू करतोय अशा समजुतीने त्यांनी ती बंद करून टाकली. ॲमेझॉनच्या पेमेंट सेवेसाठीची पीएचपी लायब्ररीही त्यांत होती.

या गोष्टीतला खरा मुद्दा असा, की डॉक्युमेंटेशन चुकलेलं नव्हतं. १ म्हणजे काय, २ म्हणजे काय, हे तिथे स्पष्ट शब्दांत छापलेलं होतं. वाक्यं बरोबर होती, व्याकरण बरोबर होतं, माहिती पूर्ण होती. तरीही पान वाचकापर्यंत पोचलं नाही, कारण वाचक मनात जी समजूत घेऊन येणार, तिची दखल त्या पानाने कुठेच घेतली नव्हती. शेजारचा पर्याय हो-नाहीचा असताना हाही तसाच असेल असं कोणालाही वाटेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ७.२८.१ या आवृत्तीपासून कर्लने १ ही किंमत नाकारून एरर द्यायला सुरुवात केली. पुढे २०१९च्या ७.६६.० पासून १ आणि २ यांचा अर्थ एकच करून टाकला. म्हणजे शेवटी पान बदलण्यापेक्षा वस्तू बदलणं सोपं आणि खरं ठरलं.

मुक्तस्रोत प्रकल्पांतलं डॉक्युमेंटेशन वाईट असतं ही तक्रार जुनी आहे. गिटहबने २०१७ साली साडेपाच हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही सर्रास दिसणारी अडचण असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले, की डॉक्युमेंटेशनमध्ये आपण क्वचित हात घालतो किंवा कधीच घालत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आळसाची आठवण होते, पण मला ते निदान पटत नाही. जो माणूस रात्री दोनपर्यंत जागून दुसऱ्याच्या कोडमधला बग शोधतो, तो आळशी कसा? त्याला आपण काय लिहावं हे दिसत नाही, एवढंच. त्याच्या डोळ्यांना पान स्वच्छ दिसतं. ज्याला ते धूसर दिसतं त्याला वाटतं, दोष आपलाच आहे, आणि तो गप्प बसतो. या पुस्तकाचा विषय ही दोन माणसं आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर आहे. अजिबात नसलेलं डॉक्युमेंटेशन हा वेगळा आणि तुलनेने सोपा प्रश्न, कारण रिकामी जागा सगळ्यांना दिसते.

हे अंतर आलं कुठून, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते लिहिलं. प्रत्येक कमांडला एक छोटं पान, ठरलेले मथळे, फाफटपसारा नाही. त्यात ज्ञात दोषांसाठी 'बग्ज' असा वेगळा मथळा होता. आपल्या वस्तूत काय बिघडलेलं आहे हे बनवणाऱ्यानेच त्या वस्तूच्या पानावर छापायचं, ही पद्धत मला आजही आदराची वाटते. आणि त्या पहिल्या आवृत्तीत आणखी एक मथळा होता, 'ओनर'. अडचण आली तर कोणाला विचारायचं, त्याचं नाव तिथे असे. पुष्कळ पानांवर 'केन', 'डीएमआर' एवढंच. वाचणाऱ्याला तेवढं पुरत होतं, कारण ती माणसं त्याच इमारतीत बसत होती.

मॅन पेजचा आटोपशीरपणा त्या इमारतीत घडला. पानावर जे मावलं नाही ते दोन खोल्या ओलांडून विचारता येत होतं. पुढे युनिक्स पसरलं, त्याच्या धर्तीवर लिनक्स आलं, मॅन पेजची घडण जगभर गेली, आणि 'ओनर'चा मथळा मागे पडला. नागपूरच्या वसतिगृहात किंवा न्यू जर्सीतल्या भाड्याच्या खोलीत बसून तेच पान वाचणाऱ्या मुलीला विचारायला कोणी नाही. त्रोटकपणा आला, आणि ज्याच्या आधाराने तो चालत होता ते माणूस आलं नाही. जुन्या पद्धतीला नावं ठेवणारे हे विसरतात, आणि तिचं आंधळं अनुकरण करणारेही.

गिटचं उदाहरण घ्या, कारण ते बहुतेकांनी भोगलेलं आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. कमिट करण्याआधी बदल जिथे गोळा होतात त्या जागेला गिटमध्ये 'इंडेक्स' म्हणतात, काही पर्यायांत 'कॅश्ड' म्हणतात, आणि शिकवताना 'स्टेजिंग एरिया' म्हणतात. जागा एकच. इतिहास माहीत असलेल्याला ही नावं कशी साचत गेली ते कळतं. नवख्याला तीन वेगळ्या जागा दिसतात आणि तो त्यांच्यातला फरक शोधत बसतो. 'गिट रीबेस'चं पान तर वर्षानुवर्षं वर्णनाच्या सुरुवातीलाच सांगत होतं, की ब्रांचचं नाव दिलं असेल तर आधी त्या ब्रांचवर जाऊन मग पुढचं काम होईल. रीबेस म्हणजे काय आणि ते कशासाठी करायचं, हे विचारत आलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा एका ऐच्छिक शब्दाची नोंद पडत होती. लिहिणाऱ्याचा क्रम कोडच्या क्रमाशी जुळत होता, कारण कोडमध्ये ती पायरी खरोखरच आधी येते. वाचकाचा क्रम वेगळा असतो.

'गिट चेकआउट'ची कथा याहून बोलकी आहे. ही एक कमांड ब्रांच बदलायची, आणि फाइलमधले आपले बदल टाकून देऊन जुनी प्रतही परत आणायची. एक काम निरुपद्रवी, दुसऱ्यात दिवसभराचं काम पुसलं जाऊ शकतं. असं पान कोणीही कितीही जीव तोडून लिहिलं तरी ते अवघडच होणार. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत गिटने 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशा दोन नव्या कमांड दिल्या. दोघींची पानं वाचून बघा. ती जुन्या पानापेक्षा सोपी आहेत, आणि त्याचं मोठं श्रेय लेखनशैलीला द्यावं लागत नाही.

पान लिहिता लिहिता वस्तूतलाच दोष हाती लागतो, हे सर्वांत ठळकपणे दिसतं ते लिनक्सच्या मॅन पेजच्या कामात. मायकल केरिस्क यांनी २००४ पासून पुढे कित्येक वर्षं ही पानं सांभाळली. २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत 'टायमरएफडी' नावाची नवी सोय आली. केरिस्क यांनी ती आधीपासून असलेल्या टायमरच्या शेजारी ठेवून पाहिली आणि विचारलं, की टायमर संपायला किती वेळ उरलाय हे यात कळणार कसं? कळत नव्हतं. जुन्या सोयींमध्ये ते मिळत होतं. कोड लिहिणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ती सोय बंद ठेवावी लागली आणि २००८च्या २.६.२५ मध्ये ती तीन वेगळ्या कॉलच्या रूपात नव्याने आली. आज आपण वापरतो ती हीच. कर्नलमध्ये एकदा रुळलेली गोष्ट मागे घेता येत नाही, तिच्यावर लाखो प्रोग्राम उभे राहतात. म्हणून तो प्रश्न त्या वेळी विचारला गेला याचं मोल फार मोठं. ज्यांना डॉक्युमेंटेशन हे कोड संपल्यावरचं काम वाटतं, त्यांच्यासाठी एक पूर्ण प्रकरण मी या एका प्रसंगावर खर्च केलं आहे.

आता उलट बाजूचा प्रसंग, जिथे एक वाक्य लिहिलं गेलं नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये दोन ओळी काढल्या गेल्या. मेमरी तपासणारं एक साधन त्या ओळींवर बोट ठेवत होतं, की इथे किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. दोन्ही ओळी दिसायला सारख्या होत्या. पैकी एक काढली तरी फार बिघडलं नसतं, आणि तिच्याजवळ तसा उल्लेखही होता. दुसरीवर मात्र यादृच्छिक संख्या तयार करण्याचा सगळा भार होता, आणि तिच्याजवळ ती तिथे का आहे याबद्दल चकार शब्द नव्हता. बदल करणाऱ्याने आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं. कोणी अडवलं नाही. मे २००८ मध्ये हा घोळ उघड झाला, तेव्हा कळलं की जवळपास दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या प्रोसेसच्या क्रमांकावरून ओळखता येत होत्या. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता होत्या फक्त ३२,७६८. साधा संगणक त्या सगळ्या करून बघू शकतो. जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या.

'काय' आणि 'कसं' हे कोडमधून पुन्हा शोधता येतं, वेळ लागला तरी. 'का' मात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. म्हणून या पुस्तकात मी 'का'च्या वाक्यांना इतर कशाहीपेक्षा वरचं स्थान दिलं आहे. हल्ली यंत्राकडून पानंच्या पानं लिहून घेता येतात, आणि फंक्शनचं नावच लांबवून सांगणारी वर्णनं त्यातून ढिगाने तयार होतात. ती चुकीची असतात असं मी म्हणत नाही. पण डेबियनची ती ओळ त्यांपैकी कोणत्याही वर्णनाने वाचली नसती, कारण तिचं 'का' कोडमध्ये नव्हतंच.

डॉक्युमेंटेशनचे प्रकार हा पुढचा भाग, तो इथे थोडक्यात उरकतो. डॅनिएले प्रोचिदा यांनी 'डायाटॅक्सिस' नावाने मांडलेली चौकट आता पुष्कळ प्रकल्पांना माहीत आहे: शिकणाऱ्यासाठी पाठ, काम अडलेल्यासाठी कृती, शोधणाऱ्यासाठी संदर्भ आणि समजून घेऊ पाहणाऱ्यासाठी विवेचन. एखादं पान का गुंतलंय हे ओळखायला ही चौकट उत्तम. पाठ चालू असताना मध्येच सगळे पर्याय मोजायला लागलेलं पान आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण चार फोल्डर आधी करायचे आणि मग त्यांत भरायला काही शोधायचं, असं करणारे प्रकल्पही मी पाहिले आहेत, आणि तिथे वाचक चार ठिकाणी थोडा थोडा उपाशी राहतो. चौकट निदानासाठी वापरावी.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी दिसते, याचा नमुना देतो. समजा, एका प्रकल्पाच्या रीडमीत वाक्य आहे: 'आवश्यक असल्यास कॅशे साफ करून पुन्हा बिल्ड करा.' जाणत्याला यात खटकण्यासारखं काही नाही. नवखा मात्र पहिल्याच शब्दाला अडतो. आवश्यक आहे हे मी कशावरून ओळखू? साफ करायचं म्हणजे नेमकं काय पुसायचं? आणि त्यात माझं काही जाणार तर नाही? शेवटचा प्रश्न तो कोणाला विचारत नाही, पण त्याच भीतीने तो ती पायरी टाळतो. आता हे वाचा: 'डिपेंडन्सीची आवृत्ती बदलूनही तीच एरर येत असेल, तर प्रोजेक्टमधलं बिल्ड फोल्डर पुसून टाका. त्यात फक्त तयार झालेल्या फाइल असतात, तुम्ही लिहिलेला कोड नसतो. त्यानंतरच्या पहिल्या बिल्डला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल.' एका वाक्याची तीन झाली. मजकूर कमी करणं म्हणजे सुधारणा, असं मानणाऱ्यांशी माझा इथे मतभेद आहे. पान लांबलं तरी वाचकाचा वेळ वाचला.

अशी वाक्यं कोण शोधून काढणार? ज्याला अर्थ आधीच ठाऊक आहे त्याला ती दिसत नाहीत. नवख्याला दिसतात, पण थोडाच काळ. एकदा गाठ सुटली की तोही जाणता होतो आणि पान त्यालाही स्वच्छ वाटू लागतं. म्हणून पहिल्या प्रकरणात मी एकच सवय मागितली आहे: अडल्या क्षणी, उत्तर शोधायच्या आधी, ती ओळ आणि तिथे आपल्याला काय वाटलं होतं हे टिपून ठेवा. 'हे पान समजत नाही' अशा तक्रारीवर मेन्टेनर काही करू शकत नाही. 'या ओळीवरून मला असं वाटलं, मी असं केलं, आणि झालं वेगळंच' हे त्याला हातात धरता येतं. कर्लच्या 'ट्रू'बद्दल कोणी एकाने असं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

नवख्याच्या अडण्याला संस्थेच्या पातळीवर जागा देणारं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा राहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. धड्याची संहिता रेकॉर्ड होण्याआधी तो विषय न येणाऱ्या माणसाकडे जाते आणि तो ती जशीच्या तशी करून पाहतो. त्याचं अडणं हा तिथे कामाचाच एक टप्पा आहे. गिटच्या बाबतीतही २०२५ मध्ये ज्युलिया एव्हन्स यांनी मूळ पानं सुधारायला घेताना आधी वापरणाऱ्यांना ती वाचायला दिली आणि कुठे गोंधळ होतो ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. मग गिटच्या लोकांपुढे पॅच ठेवले. 'मला हे वाक्य आवडत नाही' या वादापेक्षा 'वाचणारे इथे थांबले' हा पुरावा फार पुढे जातो.

मेन्टेनरची बाजूही या पुस्तकात आहे, आणि ती मी मनापासून लिहिली आहे. बहुतेक जण बिनपगारी काम करतात. त्यांच्यापुढे रोज असे पॅच येतात ज्यांत स्वल्पविराम इकडचा तिकडे केलेला असतो, किंवा ज्यांनी पान सोपं करताना एक खरी अट गाळून टाकलेली असते. म्हणून बदल छोटा ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट करावी, आणि आपण सोपं केलेलं वाक्य अजूनही खरं आहे का, हे कोड चालवून पाहावं. ओपनबीएसडीमध्ये मॅन पेजमधली चूक ही कोडमधल्या चुकीइतकीच बग मानतात; तसं मानलं की तिला तेवढीच काळजी घेऊन दुरुस्त करावं लागतं. उदाहरणं शिळी होऊ नयेत म्हणून पायथॉनमध्ये 'डॉकटेस्ट' आहे, रस्टमध्ये डॉक्युमेंटेशनमधला कोड टेस्टसोबत आपोआप चालतो. रस्टने २०१६ मध्ये एरर मेसेजची मांडणी नव्याने केली, तेही मी डॉक्युमेंटेशनच्याच खात्यात धरतो. अडलेला माणूस सर्वांत आधी वाचतो तो एरर मेसेज, आणि पुष्कळदा तेवढाच.

इंग्रजीबद्दल. गिटहबच्या त्याच पाहणीत जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी आपलं इंग्रजी वाचणं-लिहिणं 'फार चांगलं' या पातळीच्या खालचं असल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे जिल्ह्याच्या कॉलेजात मराठी माध्यमातून आलेली मुलं हीच पानं वाचून पुढे जातात. त्यांना अडवतात ते तांत्रिक शब्द नव्हेत. ते शिकता येतात. अडवतात ती वाक्यं, ज्यांत चार अटी एकात एक घातलेल्या असतात आणि कोणी काय करायचं तेच सापडत नाही. 'सिंपली', 'जस्ट', 'ऑब्व्हियसली' हे शब्दही. 'सोपं आहे' असं लिहिलेल्या पायरीवर जो अडतो, तो पुढचा प्रश्न विचारत नाही. मराठी वाचणाऱ्याचं इथे एक बळ आहे, ते मला ठासून सांगायचंय: इंग्रजी ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही त्याला वाक्यातली गाठ लवकर टोचते, आणि ती गाठ इतरांनाही अडवत असते. त्याने सुचवलेला बदल ब्राझीलच्या किंवा जपानच्या वाचकालाही उपयोगी पडतो. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून डॉक्युमेंटेशनला हात लावायचा नाही, हा समज मी शिबिरांत पुन्हा पुन्हा ऐकला आहे, आणि तो उलटा आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं. पहिली प्रकरणं वाचण्याची आणि टिपण्याची आहेत, मधली लिहिण्याची, आणि गिटहब, पुल रिक्वेस्ट, मार्कडाउन, स्फिंक्स यांसारखी साधनं शेवटी आली आहेत. साधनं प्रकल्पागणिक वेगळी असतात आणि प्रत्येक प्रकल्प आपली सांगतो. ज्यांना गिट अजिबात येत नाही त्यांनी त्या शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे आधीच्या कशाचा संदर्भ ठेवलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक खरं पान दिलं आहे, जसं ते प्रकल्पात होतं तसंच. त्याखाली काही कोरी जागा आहे. माझी दुरुस्ती पुढच्या पानावर छापली आहे, आणि ती उलटण्याआधी आपली लिहून घ्यावी.